वजनाच्या खोलीतला पिवळा दिवा

मी एक जुना पिवळा दिवा आहे. दिवा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लख्ख उजेड येत असेल. मित्रांनो, तो मोह आधीच सोडा. माझा जन्मच मुळी कमी उजेड देण्यासाठी झाला. माझ्या उजेडात पुस्तक धड वाचता येत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, आणि चांगल्या धडधाकट माणसाचा चेहराही कावीळ झाल्यासारखा दिसतो. 'हा मोठेपणी काय दिवे लावणार' असं एखाद्या पोराबद्दल म्हणतात ना, तसं माझ्याबद्दल कारखान्यातच म्हणून झालं होतं. तरीही एकोणीस वर्षं मी एकच काम नेमाने केलं आणि त्यात माझ्याकडून कधी कसूर झाली नाही. ज्यांच्याकडून झाली, त्यांच्यावर माझा फार जीव होता. म्हणून सांगता सांगता मी मधेच गप्प झालो तर समजून घ्या.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. भट्टीतून बाहेर आलेल्या काचेत असा काही रंग मिसळला होता की आतल्या बल्बच्या प्रकाशातला निळा-जांभळा भाग अडून राहावा आणि फक्त पिवळा बाहेर यावा. तपासणीला एक आजोबा बसायचे. त्यांनी मला पेटवलं, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, "याला काय झालंय? बरा नाही वाटत." शेजारचा कामगार म्हणाला, "आजोबा, तो तसाच हवाय. मागणीच तशी आहे." आजोबांनी खांदे उडवले आणि मला खोक्यात घातलं. माझं सगळं बालपण एवढंच.

मी आलो ते एका संशोधन संस्थेत. तिसऱ्या मजल्यावर, टोकाला, आठ पावलं लांब आणि पाच पावलं रुंद अशी एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. दाराला आतून जाड काळा पडदा होता आणि दाराच्या फटीला रबराची पट्टी. मधोमध दगडी ओटा, कारण लाकडी टेबल असलं तर जिन्यावरून कुणी धावत गेलं तरी तराजूचे आकडे नाचू लागतात. तराजू काचेच्या पेटीत. शेजारी एक उंच स्टूल आणि तपकिरी बाटल्यांची रांग, प्रत्येक बाटली चंदेरी कागदात गुंडाळलेली. भिंतीवर पांढऱ्या ट्यूबचं बटण होतं. त्यावर कुणीतरी चिकटपट्टी मारून लिहून ठेवलं होतं, 'हे दाबणाऱ्याने सरळ घरी जावे.'

मला भिंतीवर बसवलं ते काकांनी. काका तिथले वजन करणारे. त्यांना सगळी संस्था 'मिलिग्राम काका' म्हणायची. तांदळाच्या एका दाण्याचे वीस-पंचवीस तुकडे केले तर त्यातला एक तुकडा भरेल साधारण मिलिग्रामभर. काका त्याच्याही आतलं मोजायचे. खोलीत आले की आधी हातातलं घड्याळ काढून ठेवायचे. मग हात धुऊन, पुसून, स्टुलावर बसायचे आणि माझ्या उजेडाची डोळ्यांना सवय होईपर्यंत काहीच करायचे नाहीत. कुणी दार वाजवून घाई केली तर आतूनच म्हणायचे, "थांबा जरा. वजन काही पळून जात नाही." मग श्वास रोखून चमच्याच्या टोकावरून भुकटी सोडायचे, ती विरघळवायचे आणि त्या पाण्यासारख्या औषधाचे थेंब बारीक नळ्यांमध्ये रेघेला रेघ मिळवून वाटायचे. हा माणूस चुकेल असं मलाही कधी वाटलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात ते उगाच नाही.

आता त्या बाटल्यांत काय होतं ते सांगतो. अ जीवनसत्त्व तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत शिकवतात, गाजर खा, डोळे चांगले राहतात. पण याच जीवनसत्त्वापासून शरीर आणखी काही पदार्थ बनवतं, आणि माणसंही त्यांच्यासारखी औषधं बनवतात. ती फार नाजूक असतात. पांढरा उजेड लागला की त्यांची घडण मोडते. बाटली तीच, रंग जवळपास तोच, वजनही तेवढंच, पण आतलं औषध मेलेलं असतं. म्हणून ती खोली आणि म्हणून मी.

या खोलीच्या मालकीणबाई म्हणजे आमच्या बाई. तिथल्या मुख्य संशोधक. आवाज खणखणीत, केस कायम पेन्सिलीने वर अडकवलेले, आणि ती पेन्सिल शोधत दिवसभर सगळीकडे फिरायच्या. एकदा शाळेची मुलं संस्था बघायला आली. चार-चार मुलांना आत घेऊन बाई समजावत होत्या. त्या म्हणाल्या, "आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी आधी लहान असते. मग ती मोठी होते आणि ठरलेल्या कामाला लागते. कर्करोगाची पेशी ही मोठी व्हायला नकार देणारी पेशी. ती नुसती वाढते, एकीच्या दोन, दोनाच्या चार. अ जीवनसत्त्वापासून बनवलेली काही औषधं अशा पेशीला मोठी व्हायला लावतात. रक्ताच्या एका कर्करोगात याचा फार उपयोग होतो. लहान मुलांना मज्जातंतूंच्या पेशींची एक गाठ होते, तिच्यावरचे बाकीचे उपचार संपल्यावर असंच एक औषध देतात."

एका मुलीने हात वर केला. "मग खूप गाजरं खाल्ली तर कर्करोग बरा होतो का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मुळीच नाही. आणि हे जीवनसत्त्व कुणी आपल्या मनाने जास्त घेतलं तर डोक्याच्या आत दाब वाढतो, यकृत बिघडतं. मेंदूला ते कमीही चालत नाही आणि जास्तही चालत नाही."

मुलं गेली. बाई मात्र स्टुलावर बसून राहिल्या. त्यांच्यासोबत त्यांची विद्यार्थिनी होती. अंगाने एवढीशी आणि सारखी बोलणारी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. काचेच्या बशांमध्ये पेशी वाढवायच्या, त्यांना खाऊ घालायचं, ऊब द्यायची, हे तिचं काम. तिने विचारलं, "बाई, काय झालं?"

बाई म्हणाल्या, "माझ्या धाकट्या भावाला ती गाठ होती. चार वर्षांचा होता. तेव्हा हे औषध नव्हतं. कुणीतरी आईला सांगितलं, गाजराचा रस द्या. आई रोज सकाळी किसून, पिळून पेलाभर द्यायची. तो बिचारा नाक दाबून प्यायचा. त्याचे तळवे पिवळे झाले ग, चिमणे. गाठ होती तशीच राहिली. आईला शेवटपर्यंत वाटत होतं, आपला रस कमी पडला." एवढं बोलून त्या उठल्या आणि पेन्सिल शोधायला लागल्या. ती त्यांच्या केसातच होती. चिमणी ते सांगायचंही विसरली.

त्या दिवसापासून मला कळलं की बाईंना नेमकं काय हवंय. त्यांच्या एका रसायनशास्त्रज्ञ मैत्रिणीने नवीन औषध बनवलं होतं. त्याला नाव नव्हतं, नुसता नंबर होता, सतरा. बोटभर उंचीची एकच बाटली. जुन्या औषधाने मुलांचे ओठ फुटतात, कातडी सोलते, डोकं दुखतं, आणि कधीकधी गाठ परतही येते. सतरा नंबर कमी त्रास देईल आणि जास्त पक्कं काम करेल, अशी बाईंची आशा होती. पण संस्थेच्या समितीची अट होती की बशीतल्या पेशींवर तोच निकाल तीनदा मिळाला पाहिजे. मिळाला तर औषध पुढे जाईल, आणखी बनवता येईल. नाही मिळाला तर काम बंद. बाईंच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

पहिला प्रयोग झाला. सहाव्या दिवशी चिमणी धावत आली आणि पडदा बाजूला करायच्या आधीच बोलायला लागली. "काका, चला, चला, सूक्ष्मदर्शकात बघा. पेशींना दोरे फुटलेत. एकमेकींना हात दिल्यासारख्या बसल्यात. वाढायच्या थांबल्या. मज्जातंतूसारख्या दिसतात."

त्या पेशी फार वर्षांपूर्वी एका लहान मुलाच्या गाठीतून घेतलेल्या होत्या. ते मूल कधीच गेलं. पेशी मात्र बशीत वाढतच होत्या, जुन्या औषधानेही अर्ध्यामुर्ध्याच ऐकायच्या. आज त्या पहिल्यांदाच सगळ्या शहाण्या झाल्या होत्या. बाई म्हणत होत्या, पेशींना असे दोरे फुटतात म्हणूनच काही शास्त्रज्ञ म्हाताऱ्या, विसरभोळ्या मेंदूसाठीही या औषधांचा विचार करतात, पण ते अजून कुणालाच नक्की माहीत नाही. काका बघून परत आले तेव्हा डोळे पुसत होते. त्या दिवशी सगळ्यांनी काकांना डोक्यावर घेतलं. बाई म्हणाल्या, "पेशी चिमणीच्या, डोकं माझं, पण खरा हात काकांचा. मिलिग्राम काका चुकत नाहीत." हे वाक्य मग सगळ्या मजल्यावर फिरलं. कुणाचं काही बिघडलं की लोक म्हणायचे, काकांना द्या, ते चुकत नाहीत. मला काकांचा अभिमान वाटायचा. त्या वाक्यात धोका आहे हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

दुसऱ्या प्रयोगाची तयारी व्हायला आठ महिने लागले. तेवढ्यात काकांचं काहीतरी बदललं. ते तराजूवर फार वाकून बसायला लागले. आकडा वाचून पुन्हा वाचायचे. नळीवरची रेघ नाकाजवळ धरायचे, मग लांब धरायचे. एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हाताऱ्या, तू मंद झालास रे." त्यांनी माझा बल्ब बदलला. काच पुसली. आठवड्याने पुन्हा बदलला. मित्रांनो, मी तेवढाच होतो. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता आणि आळ माझ्यावर येत होता. मला राग आला, खोटं कशाला बोलू. चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हटलं.

मग एका सकाळी काकांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून एक छोटा टॉर्च काढला. दाराकडे बघितलं. पडदा नीट ओढलेला होता. त्यांनी टॉर्च लावला, नळीमागे धरला, रेघ वाचली, विझवला. दहा आकडे मोजून होतील एवढा वेळ. "एवढ्याने काय होतंय," ते पुटपुटले. कुणाला म्हणाले कोण जाणे, खोलीत मी एकटाच होतो.

त्यांना वाटत होतं की तो टॉर्च अगदी मिणमिणता आहे. त्यांच्या डोळ्यांवर साय धरली होती, त्यांना तो काजव्याएवढाच दिसायचा. मला मात्र दिसत होतं. सगळी खोली पांढरी व्हायची. ओट्यावरचे डाग, काकांच्या हातांवरच्या शिरा, सतरा नंबरची ती उघडी नळी, सगळं लख्ख. इतक्या वर्षांत त्या खोलीत पांढरा उजेड आलेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि आणला तो काकांनी. मी ओरडू शकत नव्हतो. मी फक्त पिवळा जळू शकत होतो.

दुसऱ्या प्रयोगात निम्म्याच पेशींना दोरे फुटले. तिसऱ्यात एकीलाही नाही. काकांची नजर जसजशी कमी होत होती तसतसा टॉर्च जास्त वेळ जळत होता. दहा आकड्यांचे शंभर झाले, मग तो बाटलीला टेकवून ठेवलेलाच राहायला लागला. बाईंनी तुलनेसाठी जुनं औषधही देऊन बघितलं. तेही याच खोलीत, याच टॉर्चसमोर मोजलं जायचं. त्यालाही पेशी ढिम्म. मग बाईंनी हिशेब मांडला, दोन्ही औषधं चालत नाहीत म्हणजे दोष औषधात नाही, पेशींत आहे. आणि पेशी सांभाळते चिमणी.

चिमणीने पेशी टाकून दिल्या आणि नव्या आणल्या. बशा बदलल्या. ऊब देणारं यंत्र धुऊन काढलं. डोळ्यात तेल घालून पहारा केला. तरी तेच. शेवटी एक दिवस दोघी या खोलीबाहेर, दाराशीच बोलत होत्या.

चिमणी म्हणाली, "बाई, रागावू नका. पेशी मी दोनदा बदलल्या. आता औषध इथून नीट निघतंय का, एवढं एकदा बघूया का?"

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"काही नाही. फक्त बघूया."

"काकांवर संशय घेतेस? तू जन्मायच्या आधीपासून ते वजन करतायत. स्वतःचं झाकायला म्हाताऱ्या माणसाकडे बोट दाखवतेस. लाज वाटायला हवी."

काका आत होते. टॉर्च त्यांच्या हातात होता, पेटलेला. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता जातील, आता पडदा बाजूला करतील आणि म्हणतील, पोरगी खरं बोलतेय, मला दिसत नाही. ते उठलेही. दाराच्या कडीला हात लागला. मग हात खाली आला. त्यांनी टॉर्च खिशात टाकला आणि पुन्हा स्टुलावर बसले. त्या दिवशी मी काकांवर फार रागावलो. आज राग नाही. आज नुसतं वाईट वाटतं.

पुढच्या महिन्यात चिमणी नोकरी धरून निघाली. साबणाच्या कारखान्यात, तपासणीच्या कामाला. जाताना काकांना भेटायला खोलीत आली. काळजी करत म्हणाली, "काका, तुम्ही वाळलात. सगळं ठीक ना?"

"ठीक ग," काका म्हणाले. "मला काय धाड भरलीय?"

ती हसली. त्यांच्या पाया पडली. दारापाशी थांबली, मागे वळून बघितलं. काकांनी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात तीच म्हणाली, "येते हं." आणि गेली. त्या दोघांच्या मधे तीन पावलांचं अंतर होतं. मी मोजलंय.

चिमणी गेल्यावर बाई स्वतः पेशी सांभाळायला लागल्या. छप्पन्न वर्षांची बाई, पहाटेच येऊन बशा बदलायची. तरी निकाल शून्य. आता दोष चिमणीचा नव्हता हे उघड झालं. मग तरी त्या काकांकडे वळतील असं मला वाटलं. पण नाही. त्यांनी दोष स्वतःवर घेतला. म्हणाल्या, "पहिलाच निकाल चुकला असणार, काका. मला भाऊ आठवत होता, म्हणून मला हवं ते दिसलं." काका मान खाली घालून उभे होते. सतरा नंबरची बाटली त्याच आठवड्यात संपली. समितीने कागद पाठवला, निकाल पुन्हा मिळाला नाही, काम बंद करावे.

यानंतर दोन महिने काका आले नाहीत. घरी त्यांनी सगळ्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं म्हणे. जावई तो चहा न बोलता प्यायला, पण लेकीने वडिलांचा हात धरला आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्या. परत आले ते खोली आवरायला. बाईही आल्या होत्या, बाजूच्या खोलीत कागद बांधत होत्या.

काकांनी दार लावलं, पडदा ओढला, मला पेटवलं, आणि सवयीने स्टुलावर बसून राहिले. मग त्यांनी वर बघितलं. बराच वेळ बघत राहिले. "अरे," ते हळूच म्हणाले, "तू तर छान जळतोस की. मी उगाच तुला बोललो." त्यांनी एक रिकामी नळी उचलली. रेघा सगळ्या दिसत होत्या. माझ्या उजेडात, अगदी स्वच्छ. त्यांचा चेहरा जरा फुलला. आणि मग उतरला. त्यांनी खिशातून जुडगा काढला आणि टॉर्च लावला.

पांढरा झोत ओट्यावर पडला. काकांनी डोळ्यांवर हात घेतला. पुन्हा उघडून बघितलं. टॉर्च विझवला, पुन्हा लावला. "हा इतका पांढरा होता?" ते म्हणाले. मग त्यांनी ओट्यावर डोकं टेकवलं, आणि त्यांचे खांदे हलत होते. मी एकोणीस वर्षं त्यांच्या डोक्यावर जळलो, पण त्या दिवसाइतकं जळणं मला कधीच जड गेलं नाही.

थोड्या वेळाने ते उठले आणि बाईंना बोलावून आणलं. दार बंद केलं. म्हणाले, "बाई, हे बघा." आणि टॉर्च लावून रिकाम्या नळीमागे धरला, जसा रोज धरायचे तसा.

बाईंना समजायला वेळ लागला नाही. त्या म्हणाल्या, "किती दिवस?"

"दुसऱ्या प्रयोगापासून. दीड वर्ष."

"रोज?"

"रोज. मला तो एवढासा दिसायचा. आणि चिमणी तुम्हाला म्हणाली, तेव्हा मी इथेच होतो. ऐकत होतो."

बाई भिंतीला टेकल्या. "मला का नाही सांगितलंत, काका? एक चष्मा, एक ऑपरेशन. दुसरं कुणी वजन केलं असतं. तुम्हाला कुणी घालवणार होतं का?"

"सगळे म्हणायचे, काका चुकत नाहीत. तुम्हीच म्हणायचात. मग दिसत नाही हे सांगायला तोंडच राहिलं नाही, बाई. हात गेला तर माझ्याकडे दुसरं काय होतं?"

बाईंनी त्यांच्या हातातला टॉर्च घेऊन विझवला. मग म्हणाल्या, "मला राग आलाय. फार आलाय. पण तो नेमका कुणावर काढू तेच कळत नाही. ते वाक्य मीच रुजवलं. त्या पोरीलाही मीच घालवलं." त्यांनी तिथेच फोन लावला. "चिमणे, तू बरोबर होतीस," एवढंच म्हणाल्या, आणि पुढचं सगळं सांगितलं. मग पलीकडून चिमणीचा आवाज आला, बारीकसा, आता तो चिवचिवत नव्हता. "काका बरे आहेत ना, बाई? त्यांना म्हणावं मी रागावले नाहीये." परत येतेस का, असं बाईंनी विचारलं. ती म्हणाली, "कशावर येऊ? बाटली तर संपली ना."

बाईंनी समितीला सगळं लिहून कळवलं, चूक उजेडाची होती, औषध पुन्हा बनवू द्या. काकांनी खाली स्वतःची सही केली. उत्तर आलं की प्रकरण बंद झालं आहे. ते उत्तर बाईंनी याच खोलीत काकांना वाचून दाखवलं. काकांनी विचारलं, "बाई, एक सांगा. ते औषध चालत होतं ना? पहिल्या वेळी तरी खरं होतं ना?"

बाई म्हणाल्या, "माहीत नाही, काका. एकदा चाललं. एकदा चाललं म्हणजे काहीच नाही, आणि कदाचित सगळंही. आता ते कळायचं नाही."

काका त्यानंतर आले नाहीत. बाई निवृत्त झाल्या. त्या खोलीत आता जुन्या खुर्च्या रचून ठेवतात, आणि तिथे पांढरी ट्यूब लागते. मला एका खोक्यात घालून जिन्याखाली ठेवलंय.

मित्रांनो, मला स्वतःसाठी काही मागायचं नाही. माझी काच पुसू नका, मला कुठे लावू नका. पण तुमच्या घरात किंवा शाळेत एखादं माणूस असेल, ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात की ते कधी चुकत नाहीत. ते वाक्य तुम्ही तरी म्हणू नका. कौतुक खूप करा, पण त्या माणसाला चुकायला थोडी जागा ठेवा. त्याच्याजवळ जाऊन विचारा, जमतंय ना, दिसतंय ना, दुखत नाही ना. ते माणूस म्हणेल, सगळं ठीक आहे, मला काय धाड भरलीय. बहुतेक सगळे तेवढ्यावरच निघून जातात. तुम्ही निघू नका. तिथेच बसा, त्यांचा हात धरा आणि पुन्हा विचारा. दुसऱ्यांदा विचारलं की माणसं खरं सांगतात. आमच्या खोलीत दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. मला विचारता येत नव्हतं.